अठ्ठाविसावा खिळा

प्रत्येक माणसाला कुठेतरी जायचं असतं. हे विधान प्रयोगाने सिद्ध झालेलं नाही, तरी ते सगळीकडे लागू आहे. या बाबतीत ते गुरुत्वाकर्षणाच्याही पुढे आहे, कारण गुरुत्वाकर्षणाकडे निदान पुरावा तरी मागितला गेला. माणसाला समुद्र पाहायचा असतो, बर्फ पाहायचा असतो, ज्या राजाचं नाव परीक्षेत आठवलं नव्हतं त्याचा राजवाडा पाहायचा असतो, आणि या सगळ्यांच्या आधी धबधबा पाहायचा असतो. धबधबा पाहायचा आहे का, असं कुणी विचारत नाही. पाहिला का, असं विचारतात. नाही म्हटलं की समोरचा माणूस लस न टोचलेल्या मुलाकडे पाहावं तसा आपल्याकडे पाहतो.

मी ज्या कार्यालयात कनिष्ठ परीक्षक आहे, तिथे हा प्रश्न शिस्तीत सोडवलेला आहे. आमची वजनं तपासण्याची प्रयोगशाळा आहे. दुकानदारांची वजनं आमच्याकडे येतात, आम्ही ती आमच्या प्रमाण वजनांशी ताडून पाहतो आणि बरोबर निघाली तर शिक्का मारतो. (चुकीची निघाली तर दुकानदाराला आश्चर्य वाटतं. या आश्चर्याचं वजन अजून कुणी केलेलं नाही.) इथून निवृत्त होणाऱ्या प्रत्येकाला कार्यालयातर्फे जोडीदारासह धबधब्याला पाठवलं जातं. तिथे कठड्याला टेकून एक फोटो काढायचा आणि तो चौकटीत घालून कार्यालयाच्या लांब बोळात लावायचा, अशी पद्धत आहे. ती कुणी सुरू केली ते फाइलमध्ये सापडत नाही. म्हणजे पद्धत फार जुनी असावी, किंवा फाइल नवी असावी.

मी रुजू झाले तेव्हा बोळात सत्तावीस फोटो होते. जेवणाच्या सुट्टीत मी ते नीट पाहिले, कारण मला मोजायची खोड आहे. सत्तावीसपैकी बावीस फोटोंत निवृत्त कर्मचाऱ्याचे डोळे पाण्याच्या तुषारांमुळे मिटलेले आहेत. एकोणीस फोटोंत धबधबा दिसतच नाही. पांढरं धुकं दिसतं, किंवा दुसऱ्याच कुणाची छत्री. चौदा फोटोंत मागे निळ्या टोपीचा तोच एक माणूस उभा आहे (तो तिथे छत्र्या भाड्याने देतो). कठडा मात्र सत्तावीसही फोटोंत अत्यंत स्पष्ट आहे. परत आल्यावर प्रत्येकाने दिलेला अभिप्राय निवृत्ती-नोंदवहीत लिहून ठेवलेला आहे आणि तो सत्तावीसही वेळा एकच आहे : 'एकदा पाहायलाच हवं.' दोनदा पाहायला हवं, असं अजून कुणी म्हटलेलं नाही.

या कामासाठी तीन जणांची निरोप-प्रवास समिती आहे. साहेब अध्यक्ष. आस्थापना विभागाच्या बाई सदस्य. हजेरी, रजा, बढती आणि निवृत्ती हे माणसाच्या आयुष्यातले चारही टप्पे त्यांच्या कपाटात असतात. सचिव मी, कारण मी वयाने सगळ्यांत लहान आणि माझं अक्षर वाचता येतं. समितीचं काम एकच : निवृत्त होणाऱ्याकडून संमतीपत्र भरून घेणं. संमतीपत्रात तीन पर्याय आहेत. (अ) आनंदाने जाईन. (ब) अत्यंत आनंदाने जाईन. (क) प्रकृतीच्या कारणास्तव पुढच्या महिन्यात आनंदाने जाईन. आजवर सव्वीस जणांनी ब निवडला होता आणि एकाने क. (त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. तरी त्याचा कल ब कडे होता, असं बाई सांगतात.) एक फोटो लागला की पुढच्या निवृत्तीसाठी खिळा लगेच ठोकून ठेवायचा, हाही नियम आहे. भिंतीवर रिकामा खिळा दिसला की बाकीच्यांना काम करायला हुरूप येतो, असा समज आहे.

अठ्ठाविसावा खिळा तोलमास्तरांचा होता.

तोलमास्तर म्हणजे आमच्या सूक्ष्म तराजूच्या खोलीचे प्रमुख. छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली एकतीस त्या एका खोलीत. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात आहे, पण पगारपत्रक सोडून त्यांना त्या नावाने कुणी हाक मारत नाही. निवृत्तीला सहा आठवडे राहिले असताना त्यांनी संमतीपत्र परत पाठवलं. अ, ब, क यांपैकी कशावरच खूण नव्हती. समासात शिसपेन्सिलीने लिहिलं होतं : 'इच्छा नाही.' खाली सही आणि तारीख. पेन्सिलीने लिहिलेलं खोडता येतं, म्हणून बाईंनी आधी खोडरबर शोधला. मग त्यांच्या लक्षात आलं की सही शाईने आहे.

समितीची बैठक दोन तास चालली. इच्छा नाही या वाक्याचा अर्थ काय, यावर पहिला तास गेला. साहेबांचं म्हणणं असं की माणसाला वेळ नसतो, तब्येत नसते, सोबत नसते. इच्छा नसते असं होत नाही. इच्छा ही असतेच, फक्त ती कधीकधी माणसाला कळवावी लागते. बाईंनी शक्यतांची यादी केली : पाण्याची भीती, उंचीची भीती, गाडी लागणे, घरात अबोला. एकेक शक्यता तपासण्यात आली. तोलमास्तर रोज पोहायला जातात. त्यांचं घर चौथ्या मजल्यावर आहे. गाडी त्यांना लागत नाही. अबोल्याबद्दल थेट विचारणं बरं नव्हे, म्हणून बाईंनी त्यांचा डबा उघडून पाहिला. तो चार खणी होता आणि चारही खण भरलेले होते. कार्यालयाच्या डॉक्टरांकडे पाठवलं, तर त्यांनी लिहून दिलं की रक्तदाब उत्तम, फुफ्फुसं स्वच्छ, इच्छा आढळली नाही, एरवी सुदृढ.

“अहो, धबधबा आहे तो,” साहेब शेवटी म्हणाले. “त्यात इच्छेचा प्रश्न येतो कुठे?”

खरी अडचण वेगळी होती आणि ती बोळात टांगलेली होती. एक माणूस नको म्हणू शकतो असं ठरलं, तर आधीचे सत्तावीस जण आपल्या मर्जीने गेले होते असा अर्थ निघतो. मग त्यांना तसं विचारावं लागतं. ते हयात आहेत (दोन सोडून), आणि त्यातले काही जण अजून वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला येतात. बैठक संपल्यावर बाई मला जिन्यात गाठून हळूच म्हणाल्या की त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आहे, त्यांच्या बहिणीने आधीच धबधब्यासाठी पिवळा रेनकोट घेऊन ठेवलाय, तेव्हा असं काही नको म्हणता येत असेल तर त्यांना आधी सांगावं. मी तसं नोंदवलं नाही.

सचिव या नात्याने कारण शोधून काढायचं काम माझ्यावर आलं.

सूक्ष्म तराजूची खोली तळमजल्यावर आत आहे. खिडकी नाही, पंखा नाही. मधोमध दगडी ओट्यावर काचेच्या पेटीत तराजू. वजन हाताने धरायचं नाही, चिमट्याने उचलायचं. ते ठेवलं की पेटीचं दार लावायचं आणि वीस मिनिटं थांबायचं. जमिनीवर ओट्यापासून चार पावलांवर एक पिवळी रेषा आहे; वाचन घेणाऱ्याखेरीज कुणीही ती ओलांडायची नाही. याचं कारण साधं आहे. माणसाच्या अंगाला ऊब असते. त्या उबेने पेटीतली हवा हलते आणि हवेने काटा हलतो. म्हणजे तुम्ही काही केलं नाहीत, श्वास रोखून नुसते कौतुकाने पाहत उभे राहिलात, तरी तुम्ही पाहता आहात म्हणून वजन बदलतं. मी विज्ञानाची पदवीधर असूनही हे मला इथे येईपर्यंत पटलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी रेषेच्या आत गेले आणि पाच ग्रॅमचं वजन थरथरायला लागलं. तोलमास्तर रागावले नाहीत. तुझ्यामुळे झालं गं, एवढंच म्हणाले. मी पुरती ओशाळले.

मी रेषेमागे उभी राहून त्यांना विचारलं की नक्की कुठे जायचं नाही. त्यांनी चष्मा पुसत यादी सांगितली. समुद्र : चांगला असतो असं ऐकलंय, मी गेलो नाही म्हणून तो आटत नाही. उंच मनोरा : त्यावर चढून माणसं आपलं घर कुठे दिसतं ते शोधतात, मी घरीच असतो. बर्फ : फ्रिजच्या वरच्या कप्प्यात दर महिन्याला साठतो आणि तोही मीच खरवडतो. राजवाडा : त्यात राजाची पलंगाची खोली दाखवतात; दुसऱ्याच्या खोलीत असं डोकावू नये. धबधबा : पाणी खाली पडतं. ते वर गेलं तर बोलव.

“मग मास्तर, तुम्हाला कुठे जायचंय तरी?”

त्यांनी पेटीकडे पाहिलं. वीस मिनिटांतली नऊ झाली होती.

“घरी,” ते म्हणाले. “अकरा ते चार.”

मला कळलं नाही, म्हणून त्यांनी मुद्देसूद समजावून सांगितलं. छत्तीस वर्षं ते साडेनऊला घर सोडतात आणि साडेसहाला परततात. कामाच्या साध्या दिवशी, अकरा ते चार या वेळात त्यांच्या घरात काय असतं, ते त्यांनी कधीच पाहिलेलं नाही. रविवार धरता येत नाही, कारण रविवारी घर रविवारचं असतं. आजारी पडून घरी राहिले तेही धरता येत नाही, कारण तेव्हा पाहणारं यंत्रच बिघडलेलं असतं. अकरा वर्षांपूर्वी, रात्रीची भाजी निवडता निवडता, त्यांची बायको बोलून गेली होती की दुपारी आपल्या घरात छान असतं.

“मी विचारलं, काय छान असतं? तर म्हणाली, काही नाही हो, छान असतं. बस. अकरा वर्षं झाली पोरी. मला ते पाहायचंय.”

मी हे सगळं इतिवृत्तात जसंच्या तसं लिहिलं. पुढे जे झालं त्याला मीच जबाबदार आहे, असं माझ्या गोपनीय अहवालात लिहिलं गेलं तर मी हरकत घेणार नाही.

साहेब हुशार आहेत. त्यांनी इतिवृत्त दोनदा वाचलं आणि टाळी वाजवली. इच्छा नाही हा प्रश्नच उरला नव्हता. इच्छा होती, फक्त स्थळ यादीत नव्हतं. तेव्हा स्थळ यादीत घालायचं. नियमाप्रमाणे कोणत्याही स्थळाला मान्यता द्यायची तर त्याला पाच गोष्टी लागतात : प्रेक्षणीय बिंदू, उभं राहायला कठडा, योग्य हंगाम, माहितीपत्रक आणि समितीची प्रत्यक्ष पाहणी. यातली पहिली चार पाचवीशिवाय ठरवता येत नाहीत. म्हणून पुढच्या मंगळवारी, अकरा ते चार, समिती तोलमास्तरांच्या घरी पाहणीला गेली. तोलमास्तर अर्थातच येऊ शकत नव्हते. ते कामावर होते.

काकूंनी, म्हणजे तोलमास्तरांच्या बायकोने, दार उघडलं. समितीला बसवलं, चहा केला आणि आम्ही काय पाहायला आलोय हे ऐकल्यावर त्यांनी केस सारखे केले. इथे पाहण्यासारखं काही नाही हो, असं त्या तीनदा म्हणाल्या. मग त्यांना आमचा कंटाळा आला आणि त्या आपल्या कामाला लागल्या. ती जी पाच मिनिटं त्या आम्हाला विसरल्या, ती पाच मिनिटंच खरी पाहणी होती, असं मला आता वाटतं.

पाहणीची टिपणं माझ्याकडे आहेत. १२.१० : स्वयंपाकघरात धुतलेली भांडी पालथी घातलेली. १२.३५ : शेजारच्या शिवणकामवाल्या ताईंचं मशीन भिंतीपलीकडे चालू; एक लांब शिवण, मग थांबा, मग एक लांब शिवण. १.०५ : काकूंनी रेडिओ लावला आणि लगेच बंद केला. १.४० : वरच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आली, पालथ्या पातेल्यावर पडली आणि छतावर एक गोल कवडसा हलायला लागला. तो का हलतो ते मी पाहिलं. नळाचा थेंब ओट्यावर पडला की पातेलं जरासं हादरतं. थेंब दर सात सेकंदांनी पडतो. १.५५ : काकू खुर्चीत बसल्या, पाय दुसऱ्या खुर्चीवर. काही केलं नाही. २.१० : साहेब झोपले. (साहेबांना झोपेची गोळी लागते, हे सगळ्या कार्यालयाला ठाऊक आहे.) २.१० ते ३.२५ : काही नाही. ३.२५ : बाई डोळे पुसत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, काही नाही गं, छान आहे.

अहवालात साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं : 'एकदा पाहायलाच हवं.'

असे अहवाल गोपनीय असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत ते सगळ्यांना माहीत होतात. गुरुवारी शिक्का विभागातल्या दोघांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. शनिवारी साहेबांची बायको आपल्या जावेला घेऊन गेली. पुढच्या चार आठवड्यांत एकंदर एकशे तेरा जणांनी तोलमास्तरांच्या घरची दुपार पाहिली. त्यातले सत्तर जण कार्यालयातले किंवा त्यांच्या नात्यातले होते. त्रेचाळीस जण कोण होते हे काकूंनाही कळलं नाही. त्यात निळ्या टोपीचा एक माणूस होता. माझी मावशीही जाऊन आली आणि आमच्याच घरी अशी दुपार का नसते, म्हणून आईवर नाराज झाली. आईने सांगितलं की असते, पण तेव्हा तू फोन करतेस.

समितीने स्थळाचा विकास केला, हे मान्य करायला हवं. स्वयंपाकघराच्या दारात कठडा बसवला, कारण लोक पातेल्याला हात लावत. जिन्यात बाण रंगवले. माहितीपत्रकात लिहिलं की प्रेक्षणीय बिंदू पालथं पातेलं, योग्य हंगाम मंगळवार. कवडसा ठरल्या वेळी यावा म्हणून पातेलं मापाने ठेवण्यात येऊ लागलं. मी खडूने जागा आखून दिली. नळाच्या थेंबाबद्दल मतभेद झाले, कारण एका पाहुण्याने सौजन्य म्हणून नळ दुरुस्त केला. मग बाईंनी माणूस पाठवून तो पुन्हा बिघडवून घेतला. काकू सकाळपासून पन्नास कप धुवायच्या. शिवणकामवाल्या ताईंना लोक मध्येच थांबून पुन्हा लांब शिवण मारायला सांगायचे. त्या दोन आठवडे मारत राहिल्या आणि मग बहिणीकडे निघून गेल्या.

तोलमास्तरांना हे सगळं कळत होतं, आणि हीच खरी गंमत. जो तो त्यांना येऊन सांगत होता. बोळात, जिन्यात, पिवळ्या रेषेमागून. मास्तर, काय दुपार आहे हो तुमच्याकडे. मास्तर, तो कवडसा. मास्तर, तुम्ही अजून नाही पाहिली? आणि ते नाही म्हणाले की समोरचा माणूस त्यांच्याकडे लस न टोचलेल्या मुलाकडे पाहावं तसा पाहायचा.

ते फक्त एकदा मला म्हणाले की थोडी माझ्यासाठी ठेवा. मला वाटलं ते विनोद करताहेत.

ते निवृत्त झाले त्यानंतरच्या पहिल्या मंगळवारी समिती फोटोसाठी त्यांच्या घरी हजर होती. समितीखेरीज आणखी अकरा माणसं होती, कारण मंगळवार होता. तोलमास्तरांना खुर्ची दिली. काकू दुसऱ्या खुर्चीत बसल्या; पाय वर घेतले नाहीत. सगळ्यांनी आवाज बंद केला आणि चौदा माणसं श्वास रोखून छताकडे पाहायला लागली. एक चाळीसला पट्टी आली. पातेल्यावर पडली. छतावर कवडसा आला. कुणीतरी हळूच म्हणालं, आला. साहेबांनी फोटो काढला. (पुढे धुऊन आला तेव्हा तोलमास्तरांचे डोळे मिटलेले होते.)

“छान आहे,” तोलमास्तर म्हणाले. फार सभ्य आवाजात म्हणाले. सत्तावीस माणसं हे ज्या आवाजात म्हणाली असतील, तो आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मी कप ठेवायला आत गेले तर काकू ओट्याशी उभ्या होत्या. खडूची रेघ बोटाने पुसत होत्या.

“हे नव्हतं गं ते,” त्या म्हणाल्या. “कवडसा काय, कवडसा रोजचाच आहे. मी अकरा वर्षं यांना सांगत नव्हते, कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच. माणूस आलं की ते येत नाही.”

मला विज्ञानाची पदवी आहे. एकतीस वर्षांपासून जमिनीवर असलेली पिवळी रेषा मी रोज पाहते. आणि तरी एकशे तेरा माणसं आत जाऊन उभी राहीपर्यंत मला काटा हललेला दिसला नव्हता. मी काहीतरी बोलणार होते, पण त्या कपांकडे बघून म्हणाल्या की बस आता, विसळू नकोस, ठेव तसेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंच्या टेबलावर तोलमास्तरांचं संमतीपत्र होतं. ब वर खूण होती. शाईने. अत्यंत आनंदाने जाईन. दुपारपर्यंत ते दोघं घराला कुलूप लावून धबधब्याला निघूनही गेले होते. साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी बोळातला अठ्ठाविसावा खिळा स्वतः रुमालाने पुसला. इच्छा कळवली की येते, असं ते म्हणाले. दाराला कुलूप पाहून परतलेल्या नऊ जणांनी कार्यालयाकडे तक्रार नोंदवली.

बारा दिवसांनी फोटो आला. त्यात कठडा नाही. निळ्या टोपीचा माणूस नाही. धबधबा तर नाहीच. एका साध्या लॉजची खोली आहे. भिंतीवर उन्हाचा तुकडा. टेबलावर दोन पेले पालथे घातलेले. एका खुर्चीत काकू झोपलेल्या, पाय दुसऱ्या खुर्चीवर. तोलमास्तर फोटोत नाहीत, कारण कॅमेऱ्यामागे कुणीतरी असावं लागतं; पण ते फार लांब उभे राहून फोटो काढताहेत, बहुधा दाराबाहेरून, हे उघड आहे. मी पट्टी लावून अंदाज घेतला. चार पावलं.

फोटोच्या मागे शिसपेन्सिलीने मजकूर आहे, तो मी इथे पूर्ण देते. 'इथे सगळे लोक सकाळी अकराला धबधबा पाहायला जातात आणि चारला भिजून परत येतात. मधल्या वेळात सबंध गावात कुणी नसतं. पाचव्या दिवशी ते आलं. काय ते विचारू नकोस, सांगण्यासारखं काही नाही. छान असतं. धबधबा पाहिला नाही. आवाज येतो. घर निवायला किती दिवस लागतील, त्याचा हिशोब करून कळव, मग परत येऊ.'

मी हिशोब केला. वस्तू लहान असेल तर वीस मिनिटं. एकशे तेरा माणसांची ऊब, चौथा मजला, एक झरोका धरून उत्तर दोन महिने अकरा दिवस आलं. तेवढे दिवस कुणी तिथे फिरकू नये, असा नियम मी समितीकडून मंजूर करून घेतला. बाईंनी अनुमोदन दिलं. मग त्यांनी पिवळ्या रेनकोटबद्दल बहिणीशी बोलायचं ठरवलं. अजून बोलल्या नाहीत.

फोटो अठ्ठाविसाव्या खिळ्यावर लागला आहे. खालच्या चिठ्ठीवर मी स्थळ म्हणून 'धबधबा' एवढंच लिहिलं, आणि ते नियमात बसतं. पण गेल्या आठवड्यापासून बोळात माणसं थांबायला लागली आहेत. पाठीमागे हात बांधून खुर्चीकडे, पेल्यांकडे, भिंतीवरच्या उन्हाकडे पाहतात. मग माझ्या टेबलाशी येतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि जाता जाता विचारतात की हा लॉज नक्की कुठला. साहेबांनी खोलीचा नंबर विचारला. मावशीने आईकडून विचारलं. मी कुणालाही सांगितलेलं नाही. नंबर फोटोत दारावर दिसत होता. चौकट बसवताना मी तेवढा भाग पट्टीखाली झाकला.

आतापर्यंत अशा विचारणा चौतीस झाल्या होत्या. एवढ्यात एक वाढली. तुम्ही मोठ्याने विचारलं नाहीत, हे मला मान्य आहे. पण काटा हलला.

कृपया चार पावलं मागे उभे राहा.